नखातली जिव्हाळी

तंजावरहून कुंभकोणम्‌कडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम् मागे पडले की सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. कोयिल म्हणजे मंदिर आणि पेरुमाळ म्हणजे विष्णू. सुंदर विष्णूच्या मंदिरावरून गावाला हे नाव मिळाले. भोवताली कावेरीच्या फाट्यांवर पोसलेली भातखाचरे, मधूनमधून केळीच्या बागा आणि माडांच्या रांगा. रात्रीची गाडी निघून गेली, म्हणजे अशा गावात इतकी शांतता पसरते की घरातला बारीकसा आवाजही कानांत भरतो. समजा, अशाच एका घरात, निजानीज झाल्यावर, ओसरीवरून माजघराकडे एक आवाज सरकत चालला आहे : टक्, टक्, टक्. तो घड्याळाचा आवाज नव्हे. घरातला म्हातारा कुत्रा पाणी प्यावयास उठला आहे आणि त्याची वाढलेली नखे फरशीवर वाजत आहेत.

हे घर तंजावरी मराठी कुटुंबाचे आहे, अशी कल्पना करावी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी येऊन वसलेल्या मराठी माणसांचे वंशज या परिसरात आजही आहेत. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि चुलीपाशी मराठी, असा दुहेरी संसार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. आपल्या कल्पनेतल्या घरात एक आजी आहेत, त्यांचा महाविद्यालयात शिकणारा नातू आहे आणि दहा वर्षांचा मणि आहे. तमिळ मुलखात कुत्र्याला मोठ्या हौसेने मणि म्हणतात आणि महाराष्ट्रात मोत्या म्हणतात. दोन्ही नावे रत्नांचीच. रत्नाचे नाव दिलेल्या या प्राण्याला रोज दहीभात मिळतो, सणावारी गोडधोड मिळते, पण त्याच्या पायांकडे कुणाचे लक्ष जात नाही. तमिळनाडूतील शिवालयांत भैरवाच्या मूर्तीशेजारी कुत्रा असतो, महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या पायांशी कुत्री असतात. देवाच्या पायांशी बसलेला कुत्रा सर्वांना दिसतो, पण कुत्र्याचे पाय पाहण्यास सहसा कुणी वाकत नाही.

वास्तविक नखे वाढणे हा काही रोग नाही. कुत्र्याचे नख जन्मभर वाढत राहते आणि चालता-धावताना जमिनीवर घासून झिजत राहते. वाढ आणि झीज यांचा मेळ बसला की माणसाला त्यात हात घालण्याचे कारण उरत नाही. सह्याद्रीच्या कातळावर मेंढरांमागे दिवसभर हिंडणाऱ्या धनगराच्या कुत्र्याची नखे कुणी काढीत नाही. ते काम तिथला दगडच करतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र दगडाची वाण आहे. शतकानुशतके नदीने आणून टाकलेल्या गाळाची ही भूमी. तंजावरचे बृहदीश्वराचे प्रचंड मंदिर 1010 च्या सुमारास पुरे झाले, त्याच्यासाठी लागलेला दगडही दुरून वाहून आणावा लागला होता. अशा मऊ मातीच्या बांधांवरून फिरणाऱ्या कुत्र्याच्या नखांची झीज कमीच होणार. त्यातून मणि आता म्हातारा झालेला. पूर्वी तो घरच्या माणसांबरोबर खाचरांवर जाई, रस्त्यावर धावे. आता त्याचा सारा दिवस गुळगुळीत फरशीवर जातो. पुण्या-मुंबईच्या चौथ्या मजल्यावर, लादीवर वाढणाऱ्या कुत्र्याची स्थितीही याहून वेगळी नाही. भूमी निराळी, पण कारण एकच.

नखे वाढली आहेत हे ओळखावे कसे? पहिली खूण कानांची. कुत्रा फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल, तर नखे जमिनीला टेकू लागली असे समजावे. दुसरी खूण डोळ्यांची. कुत्रा सपाट जागी चारही पायांवर स्वस्थ उभा असता नखांची टोके जमिनीपासून किंचित वर असावीत. ती टेकत असतील, तर प्रत्येक पावलागणिक जमीन नखाला मागे रेटते आणि तो रेटा बोटाच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. मग कुत्रा बोटे फाकवून, भार मागे टाकून चालू लागतो. गुळगुळीत फरशीवर त्याचा पाय घसरतो, कारण पकड घेणारी तळव्याची गादी नीट टेकतच नाही. तरुण कुत्रा हे सारे निभावून नेतो. सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तेवढ्यानेही उठता-बसता त्रास होतो, आणि घरातल्यांना वाटते, वयच झाले त्याचे. याखेरीज लांब नख गोणपाटात, सतरंजीत किंवा दाराच्या फटीत अडकून मुळाशी उलते, आणि ती वेदना फार तीव्र असते.

आपल्या गोष्टीतल्या नातवाच्या हे ध्यानात आले, आणि एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास त्याने काम उरकून टाकण्याचे ठरविले. कुंभकोणम् हा विड्याच्या पानांचा मुलूख. आजींच्या पानाच्या डब्यात अडकित्ता होताच. तो हातात घेऊन नातू ओसरीवर बसला. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत, असे आजींनी म्हणून पाहिले. त्याने ते हसण्यावारी नेले. मणीचा पाय ओढून मांडीवर घेतला, आणि इतकी लांब नखे एकदाच बऱ्यापैकी आखूड व्हावीत म्हणून मुळाजवळ धरून अडकित्ता दाबला. कुत्रा किंचाळला, हात सोडवून पलंगाखाली शिरला, आणि फरशीवर रक्ताच्या थेंबांची एक रांग उमटली. नातवाचा हेतू चांगला होता, पण एका संध्याकाळी त्याच्या हातून चार चुका झाल्या : वेळ चुकली, हत्यार चुकले, माप चुकले आणि रीत चुकली.

या चुका समजण्यासाठी नखाची रचना ध्यानी घ्यावी लागते. नखाचे बाहेरचे कवच शिंगासारख्या निर्जीव द्रव्याचे असते. ते कापले तर वेदना होत नाही. पण त्या कवचाच्या पोटात, बोटाच्या शेवटच्या हाडापासून निघून टोकाच्या दिशेने गेलेला एक कोवळा, सजीव भाग असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि मज्जातंतूही असतात. मराठीत या भागाला जिव्हाळी म्हणतात. घोड्याच्या खुराला नाल ठोकणाऱ्या नालबंदाचे सारे कसब ही जिव्हाळी राखण्यात असते. खिळा वाट चुकून तिच्यात गेला तर घोडा लंगडतो. माणसाचे बोलणे वर्मी लागले की ते जिव्हारी लागले असे आपण म्हणतो. माया असली की जिव्हाळा म्हणतो. हे सारे शब्द एका कुळातले वाटतात, आणि त्या सर्वांत जीव आहे. कुत्र्याची नखे सुखरूप काढणे म्हणजे निर्जीव भाग कुठे संपतो आणि जीव कुठे सुरू होतो, हे ओळखून त्याच्या अलीकडे थांबणे.

नखाला रक्त आले तर करावयाचे काय? प्रथम घाबरू नये. नखाचे रक्त दिसते फार, पण धडधाकट कुत्र्याला त्यापासून सहसा धोका नसतो. स्वच्छ फडके किंवा कापूस नखाच्या टोकावर घट्ट दाबून धरावा आणि तीन ते पाच मिनिटे तो उचलून पाहू नये. दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहिले की धरू लागलेली गुठळी पुन्हा सुटते. रक्त थांबविणारी भुकटी पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानांत मिळते. नखे काढावयास बसण्यापूर्वीच ती जवळ असावी. ती नसेल तर मक्याचे पीठ किंवा साधी कणीक चिमटीत घेऊन टोकावर दाबावी. तुरटीची पूडही चालते, मात्र ती झोंबते. हळद हा घरोघरचा उपाय खरा, तथापि इथे मुख्य काम दाबाचे आहे. रक्त थांबल्यावर निदान एक दिवस कुत्र्याला चिखलात व पाण्यात जाऊ देऊ नये. भातखाचरांच्या गावात एवढे पथ्य विशेष सांभाळावे. दाब देऊनही पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबले नाही, तर मात्र पशुवैद्याकडे जावे.

नखाचे रक्त त्या संध्याकाळी थांबले. दुसरी जखम मात्र मागे राहिली. त्यानंतर नातवाने पायाला हात लावताच मणि अंग चोरू लागला. अडकित्त्याचा आवाज ऐकून तो परसात निघून जाऊ लागला. आजी सुपारी कातरीत असल्या तरी त्याला ते सहन होईना. नख पुन्हा वाढते, विश्वास परत यावयास फार काळ लागतो. म्हणून नखे काढण्याचे काम कात्रीपासून सुरू होत नाही. त्याचा आरंभ स्पर्शापासून करावा लागतो.

पिल्लू घरी आले की पहिल्या दिवसांपासून त्याच्या पंजांना हात लावण्याची सवय ठेवावी. खेळून दमलेले, पेंगुळलेले पिल्लू मांडीवर असता एकेक बोट हलकेच दाबावे, नख बाहेर येऊ द्यावे, सोडावे आणि लगेच एखादा आवडता घास द्यावा. पुढे काही दिवस कात्री नुसती शेजारी ठेवावी. मग ती नखाला नुसती लावावी. मग एक दिवस एकाच नखाचे टोक काढावे आणि तेवढ्यावर थांबावे. मोठ्या आणि एकदा दुखावलेल्या कुत्र्यालाही हाच क्रम लागू आहे, फक्त जिथे पिल्लाला दिवस लागतात तिथे त्याला आठवडे लागतील. रोज एक नख काढले तरी अठरा दिवसांत एक फेरी पुरी होते, आणि कुत्र्याला ते एक नख म्हणजे एका घासाचा सौदा वाटू लागतो. एकाच बैठकीत सर्व नखे काढली पाहिजेत, असा कोणताही नियम नाही.

या अवधीत कुत्रा काय सांगत आहे ते वाचता आले पाहिजे. तो मान फिरवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, झोप नसताना जांभया देतो, कान मागे पाडतो, डोळ्यांच्या कडेने पांढरे दाखवीत पाहतो. ही सारी भीतीची भाषा आहे. ती कुणी ऐकली नाही, तर तो गुरगुरतो. गुरगुरणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, ती शेवटची ताकीद असते. त्यासाठी कुत्र्याला मारले, तर तो पुढच्या वेळी ताकीद न देता चावण्यास शिकतो. गुरगुर ऐकू येताच हात मागे घ्यावा, काम थांबवावे, आणि दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा आरंभ करावा. भ्यालेल्या कुत्र्याच्या छातीवर बसून, त्याचे चारही पाय आवळून नखे काढणे म्हणजे एका दिवसाचे काम उरकण्यासाठी पुढच्या सर्व दिवसांचे काम अवघड करून ठेवणे होय.

आता प्रत्यक्ष नखे काढण्याकडे वळावे. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत हे आजींचे म्हणणे नातवाला भाबडे वाटले. ज्या काळी घरात समईखेरीज उजेड नव्हता, त्या काळी या म्हणण्यात शहाणपण होते, आणि कुत्र्याच्या बाबतीत ते आजही आहे. जिव्हाळी पाहावयास भरपूर उजेड लागतो. सकाळचे ऊन, कुत्रा फिरून दमून आलेला, आणि घरात गडबड नाही, ही उत्तम वेळ. शक्य तर दोन माणसे असावीत. एकाने कुत्र्याला कुशीवर निजवून किंवा बसवून मानेखालून हात घालावा, बोलत राहावे आणि घास द्यावा. दुसऱ्याने पंजा हाती घ्यावा. पंजा बाहेरच्या बाजूला ओढू नये. पाय ज्या दिशेने स्वभावतः वाकतो त्याच दिशेने धरावा. म्हाताऱ्या कुत्र्याचे पुष्कळसे ओरडणे नखासाठी नसते, ताणलेल्या खांद्यासाठी असते.

हत्यार धारदार आणि याच कामासाठी केलेले असावे. अडकित्ता, शिवणाची कात्री किंवा माणसाचे नखे काढण्याचे यंत्र मोठ्या कुत्र्याला वापरू नये. त्यांनी नख कापले जाण्यापूर्वी चेंगरते, आणि चेंगरलेले नख उभे चिरते. कुत्र्यांसाठी मिळणारी साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत. एकात छिद्रात नख घालून दांडी दाबली की पाते सरकते. हे लहान व मध्यम कुत्र्यांना ठीक. दुसरे पक्कडीसारखे असते, त्याची दोन वक्र पाती नखाला दोन्ही बाजूंनी धरतात. हे जाड नखांना अधिक सोईचे. तिसरे म्हणजे विजेच्या घटावर फिरणारी कानस. हिच्याने नख थोडेथोडे घासले जाते, पण एका जागी ती क्षणभराहून अधिक धरली तर नख तापते, आणि पंजाचे लांब केस तिच्यात गुंतू शकतात. तिच्या आवाजाची सवयही आधी लावावी लागते. ज्या कुत्र्याला कोणतेही हत्यार सोसवत नाही, त्याच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. एका रुंद फळीवर खरखरीत पॉलिशपेपर चिकटवावा, फळी तिरकी धरावी आणि घासाच्या आमिषाने कुत्र्याला तिच्यावर पुढचे पंजे ओढावयास शिकवावे. मग तो आपली नखे आपणच झिजवितो. सह्याद्रीचा कातळ असा घरात आणता येतो.

फिक्या रंगाच्या नखात जिव्हाळी उजेडात गुलाबी दिसते. तमिळनाडूच्या राजपाळयम् जातीचा कुत्रा पांढरा असतो आणि त्याचे नाकही गुलाबी असते. असल्या अंगवर्णाच्या कुत्र्यांची नखे बहुधा फिकी, आणि म्हणून काढावयास सोपी. गुलाबी भाग जिथे संपतो, त्याच्या पुढे सुमारे 2 मिलिमीटर नख राखून कापावे. काळ्या नखात हा दिवा नसतो. तिथे एकच मार्ग : अगदी पातळ पातळ चकत्या काढीत जाणे आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला पृष्ठभाग पाहणे. आरंभी तो कोरडा, पांढुरका, खडूसारखा दिसतो. पुढे मध्यभागी एक करडा किंवा काळसर, किंचित ओलसर ठिपका दिसू लागतो. तो दिसताच थांबावे, जिव्हाळी जवळ आली आहे. नख उलटे करून खालून पाहिले, तर टोकाकडे पन्हळीसारखा पोकळ भाग दिसतो. तो निर्जीवच असतो. कात्री आडवी न धरता नखाच्या खालच्या बाजूला धरून तिरपी धरावी, म्हणजे वरची कड जपली जाते. मनात शंका आली, तर त्या दिवशी तेवढ्यावर थांबावे. थोडे लांब राहिलेले नख पुढच्या आठवड्यात काढता येते.

मोजणीत एक नख नेहमी सुटते. जुन्या शास्त्रकारांनी कुत्र्याची गणना पंचनख प्राण्यांत केली. पुढच्या पायांना प्रत्येकी पाच नखे असतात, पण चारच जमिनीला टेकतात. पाचवे आंगठ्याचे, पायाच्या आतल्या बाजूस थोडे वर असते. मागच्या पायांना सामान्यतः चार असतात, म्हणून एकूण अठरा. काही कुत्र्यांच्या मागच्या पायांनाही आंगठा असतो. आंगठ्याचे नख जमिनीला लागत नाही, म्हणून कातळावर हिंडणाऱ्या कुत्र्याचेही ते पुरेसे झिजत नाही. केसाळ कुत्र्यात तर ते दिसतच नाही. ते आकड्यासारखे वळत जाते आणि शेवटी स्वतःच्याच मांसात रुतते. म्हणून बाकीची नखे आपोआप झिजत असली, तरी महिन्यातून एकदा या नखाकडे पाहावे. रुतलेले नख घरी ओढून काढू नये. ते पशुवैद्याचे काम आहे.

मणीसारख्या, वर्षानुवर्षे नखे न काढलेल्या कुत्र्याची अडचण वेगळी असते. नख लांबले की त्याबरोबर आतली जिव्हाळीही पुढे सरकते. अशा नखाला एका दिवसात पूर्वीच्या लांबीवर आणणे शक्य नाही. नातवाचे माप चुकले ते इथेच. पण या नियमाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. दर आठवड्याला टोकाची एकेक चकती काढीत राहिले, तर जिव्हाळी हळूहळू मागे हटते. दोनतीन महिन्यांत नख बरेच आखूड होते आणि मग तीनचार आठवड्यांतून एकदा काढणे पुरे होते. जे एका संध्याकाळी बळजबरीने साधत नाही, ते बारा सकाळींच्या धीराने साधते.

काही प्रसंगी मात्र घरी हत्यार धरूच नये. नख चिरले असेल, बोट सुजले असेल, पंजातून पू येत असेल, तर कुत्र्याला दवाखान्यात न्यावे. आपल्या उष्ण देशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोचिडांपासून होणाऱ्या तापात कुत्र्याच्या रक्तातील, गुठळी धरविणाऱ्या सूक्ष्म कणिका कमी होतात. असा कुत्रा मलूल असतो, जेवत नाही, कधी त्याच्या नाकातून रक्त येते, हिरड्यांवर लाल ठिपके दिसतात. त्याच्या नखाला लहानशी इजा झाली तरी रक्त लवकर थांबत नाही. अंगावर गोचिडे असलेला, कोमेजलेला कुत्रा आधी तपासून घ्यावा, नखांचे नंतर पाहता येईल.

पशुवैद्याकडे जाणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धन्वंतरी महाल उभारला, तेथे माणसांप्रमाणे जनावरांच्याही औषधांचा विचार होत असे. त्यांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्राच्या आणि अश्वशास्त्राच्या पोथ्या आजही आहेत. हत्ती-घोड्यांच्या पायांवर राज्य चाले, तेव्हा त्या पायांची चिंता राज्यकर्त्यांना असणे साहजिक होते. याच सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ ओरत्तनाडु येथे छत्र बांधले, आणि त्याच ओरत्तनाडु गावी 2012 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या परळ भागात 1883 साली जनावरांचे रुग्णालय निघाले आणि 1886 साली पशुवैद्यक शिकविणारे महाविद्यालय. ज्याला पहिल्यांदाच कात्री हाती धरावयाची आहे, त्याने आपल्या गावच्या पशुवैद्याकडून एकदा एखाद-दुसरे नख समक्ष काढून दाखविण्याची विनंती करावी. डोळ्यांनी पाहिलेले हातात लवकर उतरते.

सुखरूपपणाचा विचार करताना माणसाचाही विचार झाला पाहिजे. नखे काढताना घाबरलेला कुत्रा चावू शकतो किंवा ओरबाडू शकतो. म्हणून त्याला अलर्काची, म्हणजे कुत्रे पिसाळण्याच्या रोगाची, लस नियमाने टोचलेली असलीच पाहिजे. चावा किंवा ओरखडा लागला तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. घरचाच कुत्रा म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतल्या माणसाला कुत्रा चावला तर लशीसाठी हिमालयातील कसौलीपर्यंत जावे लागे. 1907 साली निलगिरीत कुन्नूर येथे पाश्चर संस्था उघडली, तेव्हा हा प्रवास वाचला. आज लस तालुक्याच्या गावी मिळते. उणीव असते ती वेळेवर जाण्याची. घरात लहान मुले असतील, तर नखे काढताना त्यांना जवळ बसू देऊ नये. कुत्रा वेदनेने वळला की त्याच्या तोंडाच्या उंचीवर मुलाचा चेहरा असतो.

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या त्या घरात पुढे काय झाले असेल? अडकित्ता पानाच्या डब्यात परत गेला असेल. नातवाने काही दिवस मणीच्या पंजाला नुसता हात लावला असेल, आणि आजींच्या ताटातला दहीभात त्या हातावरून मणीने खाल्ला असेल. पहिल्या आठवड्यात मणि पलंगाखालून बाहेर आला असेल, तिसऱ्या आठवड्यात पाय न ओढता बसला असेल, आणि मग एका सकाळी, चौकात ऊन उतरले असता, एका नखाची नुसती चकती फरशीवर पडली असेल. त्या दिवशी मणि ओरडला नसेल, रक्तही आले नसेल. कुणाला सांगावे असे काहीच घडले नसेल.

आणि दोनतीन महिन्यांनी, रात्रीची गाडी निघून गेल्यावर, कुत्रा पाणी प्यावयास उठला असेल. अंधारात आजी जाग्या असतील. त्यांना मणीच्या जिभेचा पाण्यावरचा आवाज ऐकू आला असेल, पण तो ओसरीवरून माजघरात केव्हा आला, हे मात्र त्यांना कळले नसेल.